गेट कुठं ते आधी ठरवा, झाडं नंतर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात तुमच्या सोसायटीसमोर महापालिकेच्या ताब्यातली अर्ध्या एकराची मोकळी जागा आहे आणि तिच्या मागच्या अंगाला तीनेकशे घरांची वस्ती. बागेसाठी निधी मिळायची चिन्हं आहेत. सोसायटीच्या कमिटीला उंच सीमाभिंत, जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम आणि मुख्य रस्त्याकडं एक गेट हवंय. सध्या तिथं वस्तीतली पोरं क्रिकेट खेळतात, बायका कपडे वाळत घालतात. बाग दोन्हीकडच्या लोकांच्या तब्येतीला उपयोगी पडावी अशी तुमची इच्छा आहे आणि त्यासाठी झाडं कुठली लावावीत, हे तुम्ही विचारलंय.

झाडांचं सांगते, पण बरंच खाली. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. बावीस वर्षं पुण्या-मुंबईत हेच काम करतेय. आधी सोसायट्या आणि बिल्डरांच्या बागा, नंतर पालिकांच्या आणि वस्त्यांमधल्या. झाडाची निवड चुकली म्हणून फसलेली बाग मी क्वचितच पाहिली. भिंत, गेट आणि कुलूप यांनी फसवलेल्या मात्र भरपूर, आणि त्यातली एक तर माझीच.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका उपनगरातली पालिकेची बाग मी आखली होती. पुढं रस्ता, मागं वस्ती. रस्त्याकडं दगडी कमान, मागं सात फुटी भिंत. उद्घाटनानंतर तीनेक आठवड्यांनी झाडं जगलीत का बघायला गेले, तर मागच्या भिंतीला आतून फुटक्या पेव्हर ब्लॉकची पायरी रचलेली. भिंतीच्या वरून एक बाई मूल आत देत होती, आतली दुसरी ते झेलत होती. मग वरची बाई साडी खोचून स्वतः उतरली. पुढच्या महिन्यात त्याच जागी भगदाड पडलं. पालिकेनं बुजवलं, पुन्हा पडलं. चौथ्यांदा बुजवल्यावर ठेकेदाराच्या मुकादमानं मला फोन केला, "मॅडम, इथं दारच का नाही ठेवलं?"

माझ्याकडं धड उत्तर नव्हतं. खरं उत्तर असं की मला मिळालेल्या सर्व्हे ड्रॉइंगमध्ये वस्ती म्हणजे तिरप्या रेघांचा एक पट्टा होता. त्यात गल्ली नव्हती, नळकोंडाळं नव्हतं, लोक कुठून येतात-जातात ते नव्हतं. मी त्या पट्ट्याकडं पाठ करून बाग काढली. शेवटी त्याच भगदाडाला लोखंडी चौकट बसवली. आज त्या बागेत सगळ्यात जास्त वर्दळ असते ती त्या दारानं. कमानीखाली लोक फक्त फोटो काढतात.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेते. बागेनं तब्येत सुधारते का, हा त्यातला सोपा भाग. कोणाची सुधारते आणि त्यासाठी कोणाचं काय जातं, हा अवघड. तुमची जागा आज रिकामी नाही. ती मैदान आहे, वाळवण आहे, बहुधा लग्नाच्या मांडवाची आणि गणपतीचीही जागा आहे. बाग म्हणून तिचं रूप पालटताना हे सगळं बाहेर पडलं, तर सोसायटीच्या तब्येतीत थोडी भर पडेल आणि वस्तीकडं होतं तेही जाईल. कागदावर मात्र प्रभागाची हिरवी जागा वाढलेली दिसेल.

संशोधन काय म्हणतं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण कमिटीसमोर बोलताना उपयोगी पडेल. २००८ साली रिचर्ड मिचेल आणि फ्रँक पॉपहॅम यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडचा अभ्यास मांडला. गरीब आणि श्रीमंत यांच्या मृत्युदरात फरक असतोच. पण ज्या भागात हिरवाई जास्त, तिथं हा फरक कमी दिसला. यावरून झाडांमुळंच असं झालं असं सिद्ध होत नाही, आणि इंग्लंडचं हवामान आपलं नव्हे. माझ्या मते जास्त पक्का पुरावा अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा आहे. तिथं ५४१ पडीक प्लॉट चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटले. काहींचा कचरा काढून जमीन सारखी केली, गवत आणि थोडी झाडं लावली, भोवती बुटकं लाकडी कुंपण घातलं आणि नियमित देखभाल केली. काहींचा नुसता कचरा उचलला. काहींना हातच लावला नाही. २०१८ मध्ये निकाल छापून आला. हिरव्या केलेल्या प्लॉटच्या आसपास राहणाऱ्यांमध्ये 'उदास वाटतं' असं सांगणाऱ्यांचं प्रमाण हात न लावलेल्या प्लॉटच्या तुलनेत सुमारे ४१ टक्क्यांनी घटलं, आणि गरीब मोहल्ल्यांत त्याहूनही जास्त. नुसता कचरा उचलला तिथं म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

या प्रयोगातलं मला आवडतं ते कुंपण. कमरेच्याही खाली, मधे आत जायला वाट सोडलेली. गाड्या आणि कचऱ्याचे ट्रक बाहेर राहावेत एवढ्यापुरतं. कारंजं नव्हतं, ओपन जिम नव्हती. तुमच्या कमिटीच्या यादीतली सगळ्यात महागडी बाब बहुधा सीमाभिंतच असेल. तोच पैसा तीन वर्षांच्या पाण्याला आणि माळ्याला ठेवा म्हणून सांगा.

आता अंतराचं गणित. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं सुचवलेला निकष असा, की घरापासून ३०० मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर सार्वजनिक हिरवी जागा असावी, म्हणजे साधारण पाच मिनिटांची चाल. तुमचा अर्धा एकर म्हणजे २० गुंठे, जेमतेम ०.२ हेक्टर. हे आधीच अपुरं आहे, तेव्हा त्यात सगळं कोंबायचा मोह सोडा. शिवाय हे ३०० मीटर सरळ रेषेत मोजायचे असतात. भिंतीच्या पलीकडं १० मीटरवर राहणारी बाई नकाशावर या निकषात सहज बसते. गेट रस्त्याकडंच असेल तर गल्लीतून बाहेर पडून, फुटपाथ नसलेल्या रस्त्यानं वळसा घालून तिला अर्धा किलोमीटर चालावं लागतं, कडेवर मूल घेऊन. ती जात नाही. मग अहवालात लिहिलं जातं की वस्तीतल्या लोकांना बागेची आवड नाही.

गेटइतकीच महत्त्वाची वेळ. आपल्याकडच्या कितीतरी बागा सकाळी उघडतात, दहा-अकराच्या सुमारास कुलूप, पुन्हा चारनंतर उघडतात. हे वेळापत्रक कोणाच्या दिवसावर बेतलंय? निवृत्त माणसाच्या आणि ऑफिसला जाणाऱ्याच्या. एकदा एका बागेच्या कामासाठी मी सलग तीन दिवस दुपारी दोन वाजता तिथं जाऊन उभी राहिले. बंद गेटच्या बाहेर, फुटपाथच्या कडेला, भिंतीच्या वीतभर सावलीत सात-आठ बायका डबे उघडून बसलेल्या. धुणीभांडी करणाऱ्या. सकाळची चार घरं झालेली, संध्याकाळची तीन बाकी. मधल्या दीड तासात घरी जाऊन यायचं तर रिक्षाचे पैसे परवडत नाहीत. त्यांच्या पाठीमागं, जाळीच्या पलीकडं, करंजाच्या गार सावलीत अकरा बाकं रिकामी. एक डिलिव्हरीवाला मुलगा गाडीवरच आडवा होऊन झोपलेला. गेटवर पाटी: आत डबा खाऊ नये, झोपू नये, चेंडू खेळू नये.

मार्च ते मे दरम्यान सावलीची सर्वात जास्त गरज दुपारी बारा ते चार असते आणि बरोबर त्याच वेळी आपण ती कुलपात ठेवतो. उन्हाच्या दिवसांत बागा दिवसभर उघड्या ठेवणं हे शहराच्या उष्णता आराखड्यातलं, म्हणजे उन्हाच्या लाटेत लोकांना वाचवायच्या योजनेतलं, जवळपास फुकटचं काम आहे. २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर अहमदाबादनं २०१३ मध्ये असा आराखडा केला, तेव्हापासून ही चर्चा आपल्याकडंही आहे. तुमच्या बागेला कुलूपच नको असं माझं मत. ते जमत नसेल तर निदान दुपारचं कुलूप तरी नको.

सुरक्षिततेचा मुद्दा निघेल, आणि तो खोटा नाही. दारू, पत्ते, टवाळखोर पोरं. उघड्या जागेत हे होतं. पण माझा अनुभव असा की टवाळखोरांना भिंत आवडते, कारण भिंतीआड दिसत नाही. बाहेरून आरपार दिसणारी आणि सतत माणसं असणारी बाग त्यांना नकोशी होते. म्हणून झुडपं गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका आणि झाडांच्या खालच्या फांद्या डोक्याच्या वरपर्यंत साफ ठेवा. डुरांटाचं माणूसभर उंच कुंपण दिसायला छान, पण अंधार पडल्यावर त्याच्या कडेनं कोणतीही मुलगी एकटी चालत नाही. दिवे उंच खांबावर दोनच प्रखर नकोत. बुटके, मंद आणि जास्त हवेत.

आणि बायकांचं स्वच्छतागृह. यावर मी आता हट्टानं भांडते. ते नसेल तर बाई अर्ध्या तासाच्या वर बसत नाही, म्हातारी तर येतच नाही. ओपन जिमच्या यंत्रांचे बेअरिंग वर्षा-दोन वर्षांत जातात आणि मग त्यावर मुलं झोके घेतात. ते पैसे स्वच्छतागृहात घाला, ते धुणाऱ्या माणसाच्या पगारासकट.

एवढं मी सांगितलं, पण तुमच्या जागेत नेमकं काय हवं हे मला इथून सांगता येणार नाही. ते मोजावं लागतं. पद्धत सोपी आहे. एक कामाचा दिवस, एक शनिवार आणि एक रविवार निवडा. सकाळी सहा ते रात्री दहा, दर तासाला पाच मिनिटं थांबून टिपा: बाई की पुरुष, अंदाजे वय, काय चाललंय, कुठल्या बाजूनं आत आले. कॉलेजची चार मुलं घेतलीत तर तीन दिवसांत होतं. मग वस्तीतल्या बायकांशी बोला, पण मंडळाच्या ऑफिसात नको. तिथं पुरुष बोलतात आणि बायका माना डोलावतात. नळावर, अंगणवाडीत, बचत गटाच्या बैठकीत बोला. 'तुम्हाला कशी बाग हवी' असं विचारू नका. 'कारंजं हवं' असं उत्तर येतं, कारण लोकांनी बाग म्हणून तेच पाहिलंय. 'काल संध्याकाळी तुम्ही कुठं बसला होतात' असं विचारा.

त्यानंतर एका रविवारी जागेवर फक्की मारा, म्हणजे पांढऱ्या भुकटीनं रेघा आखा. ट्रॅक इथून, खेळायची जागा एवढी, बाकं इथं, दार इथं. आठवडाभर तसंच राहू द्या. कागदावरच्या नकाशावर कोणी भांडत नाही, फक्कीच्या रेघेवर लगेच भांडतात, आणि तेच तर हवं असतं. एका ठिकाणी पोरांनी दुसऱ्याच दिवशी आमची रेघ पायानं पुसून पीचच्या पलीकडं सरकवली होती. आम्ही ट्रॅक तिकडून वळवला.

कपड्यांच्या दोऱ्यांवर तुमच्याकडं सगळ्यात मोठा वाद होईल. सोसायटीला ते दृश्य चालणार नाही. पण दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांचे ओले कपडे पावसाळाभर आत वाळले तर भिंतींना ओल धरते, बुरशी येते, आणि दम्याचं पोर त्याच खोलीत झोपतं. मागच्या दाराजवळ उन्हाच्या बाजूला खांब रोवून द्या, पुढं जाळीवर दोडक्याचा नाहीतर कृष्णकमळाचा वेल सोडा. तीस बाय दहा फुटांची जागा पुरते.

थोडक्यात, इथवर तीन गोष्टी झाल्या: वस्तीच्या बाजूनं दार, दुपारी उघडी बाग, आणि आज तिथं जे चालतं त्याला नव्या नकाशात जागा. आता बागेकडून काय होणार नाही तेही सांगते, नाहीतर उद्या तुम्हाला कोणी पकडेल.

झाडांच्या एका रांगेनं रस्त्यावरची हवा शुद्ध होत नाही. अरुंद रस्त्यावर दोन्हीकडून फांद्या गच्च मिटल्या तर धूर उलट खालीच कोंडतो. वस्तीतल्या पत्र्याच्या घरांत रात्री जी भट्टी असते ती समोरच्या बागेनं विझत नाही. त्याला छताखाली काहीतरी करावं लागतं, वायुवीजन लागतं, गल्लीत एखादं झाड लागतं. आणि क्षयरोगावर बाग हा उपाय नव्हे. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसा दिवे लावावे लागतात. घरात ऊन-वारा न येणं आणि क्षयरोग यांचा संबंध तिथल्या २०१८ च्या अभ्यासात पुढं आला. अशा ठिकाणी दोन इमारतींमधली हवा हीच पहिली 'मोकळी जागा'. नंतर कितीही बागा केल्या तरी ती भरून निघत नाही.

आता सगळ्यात नाजूक भाग. वस्तीतले काही लोक बागेला विरोध करत असतील तर त्यांना अडाणी समजू नका. 'बाग आली की मोजणी येते, मोजणी आली की आपण उठतो' ही भीती अनुभवातून आलेली असते. तेव्हा निधीच्या मागं लागण्याआधी कागद काढा. झोन दाखला घेऊन विकास आराखड्यात जागेवर आरक्षण कशाचं आहे ते बघा: उद्यान, खेळाचं मैदान की ॲमेनिटी स्पेस, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेली जागा? तिन्हींचे नियम वेगळे. ॲमेनिटी स्पेस असेल तर जास्तच जागे राहा. २०२१ मध्ये पुणे महापालिकेनं अशा जागा दीर्घ मुदतीच्या भाड्यानं द्यायचा घाट घातला होता आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. मोजणी नकाशात आरक्षणाची हद्द वस्तीतल्या घरांवरून जाते का, हे पाहा. वस्ती १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली घोषित आहे की नाही, तेही विचारा. हद्दीत पंधरा घरं येत असतील तर बाग त्या घरांच्या अलीकडं संपेल असं आधी लेखी ठरवा, मगच पुढं जा. ते ठरत नसेल, तर मी स्वतः असं काम घेत नाही. भाडेकरूंचं काय, याला मात्र माझ्याकडं उपाय नाही. बाग झाल्यावर वस्तीतही भाडी चढतात, आणि खोलीमालक खूश असले तरी भाडेकरू दोन गल्ल्या मागं सरकतात. हे मी पाहिलंय आणि मला ते थांबवता आलेलं नाही.

पैशांबद्दल एक. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करायची सोय आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून कामं सुचवता येतात. बहुतेक अर्ज सोसायट्यांकडून जातात, कारण वस्तीत हे कोणी सांगतच नाही. मागचं दार, स्वच्छतागृह आणि दिवे यांचे अर्ज वस्तीतल्या बायकांच्या नावानं भरा. तुम्ही फक्त फॉर्म आणून द्या आणि सोबत जा.

आता झाडं. अर्ध्या एकरात खेळायला मोकळी जागा ठेवून तीस-पस्तीसच्या वर मोठी झाडं मावत नाहीत. कडेनं करंज आणि कडुनिंब. पुण्याच्या हवेत टिकतात, सावली लवकर धरतात. मधेमधे बहावा आणि ताम्हण, उन्हाळ्यात फुलतात म्हणून. मागच्या दाराशी एकच वड किंवा पिंपळ, पाइपलाइनपासून दूर, आणि त्याला ऐसपैस पार. बाकावर दोघं-तिघं बसतात, पारावर पंधरा जण बसतात आणि कोणी कोणाकडं पाठ करत नाही. एक चिंच आणि दोन जांभळं लावाच. उद्यान खात्यातले लोक म्हणतील पोरं दगड मारतील, फरशी डागाळेल. मारू देत.

सप्तपर्णी नको, दिवाळीच्या सुमारास तिच्या उग्र वासानं डोकं धरणारे लोक मी पाहिलेत. कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड तर अजिबात नको, गुजरातनं २०२३ मध्ये त्यावर बंदीच घातली. गुलमोहर सुंदर, पण फांदी ठिसूळ; खेळायच्या जागेवर नको. मियावाकीचा, म्हणजे खेटून रोपं लावून दाट जंगल करायच्या जपानी पद्धतीचा, आग्रह कोणी धरला तर विनयानं नाही म्हणा. चौरस मीटरला तीन-चार रोपं लावलेल्या त्या गचपणात ना कोणी बसू शकतं, ना चालू शकतं. वीस गुंठ्यांच्या जागेत ते परवडत नाही. रोपं आठ-दहा फुटी घ्या आणि पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार हे नावानिशी ठरवा. बुंध्याभोवती निदान मीटरभर माती उघडी ठेवा. ठेकेदार पेव्हर ब्लॉक खोडापर्यंत भिडवतोच, त्या दिवशी तिथं उभं राहावं लागतं.

सोसायटीच्या कमिटीला हे सगळं एका बैठकीत पटणार नाही. माझी युक्ती सांगते. येत्या बुधवारी दुपारी दोन वाजता अध्यक्षांना घेऊन जवळच्या कुठल्याही बंद बागेच्या गेटवर जा. काही बोलू नका. बाहेर डबा खात बसलेल्यांमध्ये त्यांच्याच घरी काम करणारी बाई सापडायची शक्यता बरीच आहे. मोजणी नकाशा मिळाला की पुन्हा लिहा, दार नेमकं कुठं पाडायचं ते बघू.